आईसाठी घेतलेला स्टोव्ह

माणूस आपलं गाव सोडतो तेव्हा त्याच्या आत्म्याचा एक अंश त्या मातीत कायमचा राहतो, असं निरोपाच्या भाषणांत सांगतात. माझ्या आत्म्याबद्दल मला खात्रीनं काही सांगता येणार नाही. मी हिवरखेड सोडलं तेव्हा मागे राहिली ती छत्री, आणि तीही पंधरा दिवसांच्या आत गावच्या एका माणसाबरोबर अमरावतीला पोचली.

निघायचा मुहूर्त वडिलांनी काढला होता. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. गावची भिक्षुकी त्यांच्याकडे होती, तेव्हा मुहूर्त घरचाच. मोटार मात्र घरची नव्हती. ती पाऊण तास उशिरा आली आणि मुहूर्त टळून गेला. नाना म्हणाले, "मोटार तिकडून निघाली तेव्हा वेळ उत्तम होती. तीच धरायची." शास्त्रात अशीही सोय असते हे मला त्या दिवशी कळलं.

आई मोटारीपर्यंत आली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं भाकरी आणि जवसाच्या चटणीचं गाठोडं माझ्या हातात दिलं. "खानावळीतलं तेल पाहून खात जाय," ती म्हणाली. "अन् पोट बिघडलं तं लिहीत बसू नको. इकडं ये." घरात आम्ही बाकीचे 'मला' म्हणायचो आणि ओटा उतरलो की 'मले'. आई दोन्हीकडे 'मले'च म्हणे. तिचे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, माझ्यासाठी. बाविसाव्या वर्षी माणसाला असं वाटतं. चूल पेटवून झाली की तिचे डोळे रोजच तसे होत, हे मी बावीस वर्षं बघत आलो होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी गेलो तो शंभर मैलांच्या आतच. गावच्या मंडळींनो, तुमच्यापैकी जे पुढे मुंबईला गेले, काही तर थेट समुद्रापलीकडे गेले, त्यांना याला स्थलांतर म्हणणं गमतीचं वाटेल. आणि जे गावातच राहिले त्यांना मी सांगेन की प्रवास तुम्हीही काही कमी केला नाही. मी निघालो तेव्हा आपण मध्यप्रदेशात होतो. मग बसल्या जागी मुंबई राज्यात गेलो आणि चार वर्षांनी तसेच न हलता महाराष्ट्रात आलो. माझा प्रवास त्या मानानं साधा होता. अकोल्याला आगगाडी, बडनेऱ्याला बदली, अमरावतीला उतरायचं. एका हायस्कुलात शास्त्र शिकवायची नोकरी मिळाली होती.

अमरावतीच्या भाड्याच्या खोल्यांत चूल मांडायला जागा नव्हती. आधी कोळशाची शेगडी घेतली. लग्न झालं, विमल घरात आली आणि तिच्याबरोबर पंपाचा स्टोव्ह आला. ती अकोल्याची, शहरात वाढलेली. पिन मारणं, पंप मारणं, ज्योत निळी करणं हे तिला इतकं सहज जमे की मला माझ्या शास्त्राच्या पदवीची लाज वाटे. स्टोव्हचा आवाज म्हणजे स्वयंपाक, हे वर्षभरात इतकं अंगवळणी पडलं की सुट्टीत हिवरखेडला गेलो की आईचं स्वयंपाकघर फार शांत वाटायचं. त्या शांततेतच एका दिवाळीत मला तिचा खोकला ऐकू आला.

खोकला नवा नव्हता. ऐकणारा नवा होता. मी तिला अकोल्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही विड्या ओढता का?" भिक्षुकाच्या बायकोला हा प्रश्न जन्मात कोणी विचारला नव्हता. ती पुढे कित्येक महिने ही गोष्ट येईल त्या बाईला सांगत असे, आणि दर वेळी डॉक्टरांचा आवाज काढून. डॉक्टर म्हणाले, विडी नाही तर मग हा चुलीचा धूर आहे. तिखट-तेल कमी करा, आणि चूल सोडा. नाही सोडली तर फार वर्षं निघणार नाहीत, हे त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

"चूल सोडा म्हणते तो!" परतताना आई मोटारीत म्हणाली. "मंग खाऊ काय, त्याचं औषध?"

मी ठरवलं, तिला धुरातून बाहेर काढायचं. शास्त्राच्या मास्तरानं हे काम घेतलं की पहिली गोष्ट होते ती म्हणजे वही. मी एका वहीत रकाने आखले: धूर, वास, आच, राख, भांडी घासायचे कष्ट. कोळशाच्या शेगडीनं बंद खोलीत विषारी वायू होतो, ती बाद. भुशाच्या शेगडीचा भुसा रोज ठासून भरावा लागतो आणि पेटताना तीही धुरावते, ती बाद. वातीच्या स्टोव्हला आच कमी. त्यावर भाकरी टाकली तर ती भाजण्याआधी वाळते.

त्याच सुमारास अमरावतीत एका शाळेच्या पटांगणात आरोग्य आणि गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन भरलं. मी आणि विमल गेलो. उद्घाटनाला एक वजनदार पाहुणे आले होते. त्यांना हार घातले, मग त्यांच्यासमोर एका उभ्या डब्यात, एकावर एक ठेवलेल्या भांड्यांत, वाफेवर वरण, भात आणि दुधी शिजवून दाखवला. दुधी बिनतेलाचा, बिनतिखटाचा. पाहुण्यांनी एक चमचा तोंडात घातला, गिळला आणि वीस मिनिटं राष्ट्राच्या प्रकृतीवर बोलले. दुसरा चमचा घेतला नाही. वाटलेल्या पत्रकावर गजरा माळलेली एक बाई भांड्याकडे न बघता हसत होती. खाली लिहिलं होतं की या कुकरात जीवनसत्त्वं जिथल्या तिथे राहतात. विमलनं विचारलं, "पण अहो, यात भाकरी कुठं करायची?" स्टॉलवरचा गृहस्थ म्हणाला, भाकरीऐवजी भात खावा. वऱ्हाडात उभं राहून हे सांगायला धैर्य लागतं.

शेवटी पंपाचाच स्टोव्ह ठरला. आच चुलीसारखी, धूर नाही. इतवारा बाजारातल्या दुकानदारानं तो पेटवून दाखवला. "घेऊन जा गुरुजी," तो म्हणाला, "फुकणी नाही, राख नाही. अन् बुढीनं एकदा याच्यावर चहा केला ना, तं चुलीकडं पाहणार नाही."

दुकानदार बरोबर होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही स्टोव्ह घेऊन गेलो. विमलनं आईला तो शिकवला. पहिल्या दिवशी आई पंप मारताना घाबरून हात मागे घेई; तिसऱ्या दिवशी तिला ज्योतीचा आवाज ओळखू यायला लागला. "हा तं तुमच्या नानांपरीस मोठ्यानं मंत्र म्हणते," ती विमलला म्हणाली, आणि नाना आतल्या खोलीत पूजेला बसले होते म्हणून दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं सोवळ्यात स्टोव्हवर वरणभात केला, भाकरी केल्या, देवाला नैवेद्य दाखवला. नाना जेवले आणि काही बोलले नाहीत. आमच्या घरात ती पसंतीची पावती होती. आठ दिवस चूल पेटली नाही. आठव्या दिवशी आई मला म्हणाली, "सकाळी उठली तं डोळे जळतच नाही रे. मले वाटलं, काही इसरली का काय मी."

ते आठ दिवस मी नंतर इतक्या वेळा आठवले आहेत की आता त्यांतलं काय घडलं आणि काय माझ्या मनानं घातलं, ते वेगळं काढता येत नाही. नववा दिवस मात्र जसाच्या तसा आठवतो.

आम्हाला दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. मला वाटलं, आपण गेल्यावर स्टोव्ह बिघडला तर इथे दुरुस्त कोण करणार? म्हणून मी तो ओसरीवर घेतला, कागद पसरला आणि खोलून दाखवायला लागलो. कोणी मागितलं नव्हतं. पण मास्तराच्या समोर एखादी बंद वस्तू आणि दोन ऐकणारी माणसं आली की त्याचं पुढचं वागणं त्याच्या हातात राहत नाही. ही टाकी, ही हवेची चावी, हा बर्नर. मग मी पंपाची दांडी बाहेर ओढली आणि टोकाशी बसवलेली काळी वाटी बोटानं दाखवली. म्हणालो, "हा वायसर. चामड्याचा असतो. कोरडा पडला की पंप हवा धरत नाही. मग याला दोन थेंब गोडंतेल लावायचं."

नाना पोथीतून वर बघत नव्हते. आई बघत होती. तिनं विचारलं, "कशाचा म्हणलं?"

मी पुन्हा सांगितलं. अधिक स्पष्ट, वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं तसं.

ती "बरं" म्हणाली. संध्याकाळी चूल पेटली.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. बोलण्यात माझा हात कोणी धरला नसता. मोटेचं पाणी चामड्यातून येतं आणि त्याच पाण्यावरचा भाजीपाला देवाला चालतो. देवळातला मृदंग चामड्याचा आहे. आणि नाना रोज संध्येला बसतात ते मृगाजिन तरी कशाचं आहे? आई भाकरी थापत ऐकत होती.

"त्याच्यावर बसतेत रे," ती म्हणाली. "त्याच्यात रांधत नाहीत."

"पण स्वयंपाक त्याला लागतही नाही. तो आत आहे, टाकीच्या आत!"

"तुझं खरं आहे. नाही कोण म्हणते?" तिनं फुकणी घेतली, फुंकर मारली, खोकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बरं चाललं होतं पोरा. सांगितलं काहून तू?"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की खरं काय ते कळलं की माणूस सुटतो. माझ्या आईला खरं कळलं आणि ती पुन्हा धुरात जाऊन बसली. स्टोव्ह ओसरीवरच राहिला. कोणी परगावचं आलं की त्यावर चहा होई.

पुढच्या वेळी मी वाफेचा कुकर नेला, आणि भाकरीसाठी वातीचा स्टोव्ह. माझ्याच वहीतून बाद केलेला. म्हटलं, वाळकी तर वाळकी. आईला सांगितलं, या दोन्हीत चामडं नाही. ती म्हणाली, "बरं." पण मी बघत होतो, तिचा विश्वास बसला नव्हता. तिला वाटलं असणार, या खेपेला पोरगा शहाणा झाला, चामडं असलं तरी सांगत नाही. मी वात काढून दाखवायला लागलो तेव्हा तिनं माझा हात धरला. "राहू दे. आता कशात काय आहे ते मले सांगू नको." ज्याच्या पोटात काय आहे ते बघायचं नाही आणि न बघता वापरायचंही नाही, अशा जागी तिला मी नेऊन ठेवलं होतं.

विमल एकदा म्हणाली, "आईंना इकडेच आणू या. इथं धूर नाही नि देवाचं सोवळंही नाही." आई कशी कोण जाणे कबूल झाली. त्या हिवाळ्यात ती दीड महिना आमच्याकडे अमरावतीला राहिली. पहिल्या दिवशी विमलनं पंपाचा स्टोव्ह पेटवला आणि आम्ही दोघं तिच्या ताटाकडे बघत बसलो. आई जेवली. दोन दिवसांनी ती स्वतःच पंप मारायला बसली. मी विचारलं तर म्हणाली, "हे तुझं घर. इथं विमलचं चालते." तिचा धर्म तिच्या अंगाला नव्हता, तिच्या चुलीला होता, हे मला तेव्हा थोडंसं समजलं. तिचा खोकला कमी झाला. ती शेजारणींना झुणका शिकवून आली. डॉक्टरांच्या विडीची गोष्ट तिनं आमच्या अख्ख्या आळीला ऐकवली. एकदा विमलनं कमी तेलाची, कमी तिखटाची वांग्याची भाजी केली तेव्हा ती म्हणाली, "चांगली झाली. आजाऱ्याले द्यासारखी." आणि दोनदा घेतली.

नानांचं दर आठवड्याला कार्ड येई. ते विमल वाचून दाखवी. 'येथे सर्व कुशल. मी स्वहस्ते भात करतो. काळजी नसावी.' सहाव्या कार्डात एक वाक्य जास्त होतं: 'काल जरा लागला.'

"भात लागला त्याहिचा," आई म्हणाली. तिनं कार्ड हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत होती. दुसऱ्या दिवशी ती पिशवी भरून बसली. मी सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले आठवतं ना. "सारं आठवते," ती म्हणाली. "पण ते कच्चं-पक्कं खाऊन राह्यले तिकडं, अन् मी इथं निळ्या जाळावर गरम भाकर खाऊ?" अमरावती स्टेशनावर मी तिला गाडीत बसवलं. गावाहून मी निघालो ते निघणं खरं नव्हतंच, असं मला त्या दिवशी वाटलं. खरं कोणी कोणाला सोडून गेलं असेल तर ते त्या फलाटावर, आणि जी गेली ती घरीच गेली.

त्यानंतर ती दोन हिवाळे होती. दुसऱ्या हिवाळ्यात तार आली. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. बायका सांगत होत्या की शेवटच्या दिवशीही तिनं सकाळची भाकर केली, मग भिंतीला टेकली. हे त्या कौतुकानं सांगत होत्या.

तेराव्यानंतर मी नानांना अमरावतीला घेऊन आलो. विमल धास्तावली होती. आदल्या दिवसापासून तिनं सोवळ्याची तयारी केली, पाट वेगळा काढला, मला विचारलं की नवी शेगडी आणायची का. नाना अंघोळ करून आले, पाटावर बसले. स्टोव्हचा आवाज चालू होता. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, आपोष्णी घेतली आणि जेवले. दुसरी भाकरी मागून घेतली. पुढची नऊ वर्षं ते आमच्याकडे त्याच स्टोव्हवरचं जेवले आणि त्यांनी एकदाही त्याचा विषय काढला नाही.

मीच काढला. तीन-चार वर्षं झाली असतील. ते सुपारी कातरत होते. मी म्हणालो, "नाना, आईनं हिवरखेडला स्टोव्ह चालवला असता तर तुम्ही जेवला असता का?"

"तिनं मला विचारलंच नाही," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर?"

"ते आता मी काहीही सांगू शकतो." त्यांनी सुपारी माझ्या हातावर ठेवली. "म्हणून सांगत नाही."

मला त्यांचा राग आला, आणि मग आला नाही. त्या ओसरीवर तिघं होतो. एकानं सांगितलं, एकीनं ऐकलं, एकानं पोथीतून डोकं वर काढलं नाही. तिघांतल्या कोणीही कोणाला 'चालेल का?' एवढं साधं विचारलं असतं तर आई पुढची वर्षं खोकली नसती. आमच्या घरी प्रेम भरपूर होतं. विचारण्याची पद्धत नव्हती.

नाना गेल्यावर हिवरखेडचं घर विकलं. आता आमच्याकडे गॅस आहे, शिट्टीचा कुकर आहे, विमल तेल मोजून घालते आणि माझा रक्तदाब वयाच्या मानानं बरा आहे. घर म्हणजे काय, हे दूर गेलेल्यांना फार विचारलं जातं, आणि तेही फार छान उत्तरं देतात. माझं उत्तर इतकंच, की जिथे एका बाईनं माझ्यासाठी धूर गिळला आणि मला तो दिसला नाही, ती जागा माझं घर होती. ती मी सोडली, असं लोक म्हणतात. मला वाटतं, मी तिथे नीट पोचलोच नव्हतो.

घर घेतलेले गृहस्थ कचेरीत नोकरीला आहेत, सज्जन आहेत. स्वयंपाकघराच्या जागी त्यांनी मुलांच्या अभ्यासाची खोली केली. दुसऱ्या वर्षी त्यांचं पत्र आलं की एका भिंतीला तीन हात चुना दिला तरी काजळी पुन्हा वर येते, काही उपाय माहीत असल्यास कळवावा. मी ते पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. मग शास्त्राच्या मास्तरासारखं उत्तर लिहिलं: चुना उपयोगाचा नाही, भिंत खरवडून तेलाचा रंग द्यावा. त्यांना ते महाग पडलं. त्यांनी तिथे कपाट ठेवलं.